एका कानाने ऐकलेली ध्वनिमुद्रिका

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील बाजार समितीत हमाली करतात. त्यामुळे कलेविषयी जाणकारांनी बोलावे आणि आपण मुकाट्याने मान डोलवावी, अशीच माझी समजूत होती. छापून आलेला अभिप्राय म्हणजे तर जणू परीक्षेचा निकालच! या समजुतीला तडा गेला तो एका जुन्या इंग्रजी ध्वनिमुद्रिकेमुळे.

इंग्लंडमधील 'बीटल्स' या चौघांच्या रॉक वाद्यवृंदाने १९६६ च्या ऑगस्टनंतर जाहीर दौरे बंद केले. त्या सप्टेंबरात त्यांच्यातील जॉर्ज हॅरिसन मुंबईस येऊन पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकला. नोव्हेंबरात चौघे लंडनच्या ध्वनिमुद्रणगृहात शिरले ते पुढील एप्रिलपर्यंत तेथेच रमले. त्यांच्या फीतयंत्रावर एका वेळी चारच पट्टे नोंदवता येत. चारही भरले की ते एकत्र करून दुसऱ्या फितीवर उतरवायचे आणि उरलेल्या जागेत नवे सूर भरायचे, असा तो खटाटोप. शेवटच्या गाण्यासाठी ४० वादकांचा ताफा बोलावला होता. हॅरिसनच्या गाण्यात तर लंडनमधील भारतीय वादकांचा दिलरुबा, तबला आणि तंबोरा आहे. या साऱ्यातून १९६७ मध्ये 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' हा अल्बम बाहेर पडला.

त्याच्यावर स्तुतीचा वर्षाव झाला. परंतु १८ जून १९६७ च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये रिचर्ड गोल्डस्टीन या अवघ्या बाविशीतल्या समीक्षकाने विरोधी सूर लावला. करामती फार आणि गाभा थोडा, असा त्याच्या टीकेचा मथितार्थ. शेवटचे गाणे मात्र त्याने वाखाणले. वाचकांनी संतापून पत्रांचा पाऊस पाडला. त्याने दुसऱ्या एका पत्रातून उत्तर दिले, पण मत सोडले नाही. १९६८ मध्ये या अल्बमला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारा तो पहिलाच रॉक अल्बम. पुढे गोल्डस्टीनने सांगितले, की त्या वेळी त्याच्या स्टिरिओत बिघाड होता!

हे वाचून मी चपापलो. कारण माझीही कथा तीच होती. वसतिगृहातील सोबत्याने मोबाइलवर हा अल्बम लावून दिला, तेव्हा माझ्या इअरफोनची डावी बाजू बंद होती. स्टिरिओत काही आवाज डाव्या कानाला, काही उजव्या कानाला वाटून दिलेले असतात. शेवटच्या गाण्यात जॉन लेननचा आवाज उजवीकडून सुरू होऊन हळूहळू डावीकडे सरकतो. मला वाटले, गायकाचा दमच संपला! सोबत्याला मी ऐटीत सांगून टाकले, "उगाच नाव झालंय यांचं."

मग समीक्षा खोटी असते काय? मुळीच नाही. बिघडलेल्या यंत्रावर ऐकूनही गोल्डस्टीनला शेवटच्या गाण्याचे मोल कळलेच होते. आणि स्तुती करणारे तरी कोणत्या यंत्रावर, कोणत्या मनःस्थितीत ऐकत होते, हे कोणी विचारले? समीक्षा म्हणजे एका माणसाची साक्ष. ती आदराने ऐकावी, पण ऐकण्याचे काम तिच्यावर सोपवू नये. चांगला इअरफोन मागून मी अल्बम पुन्हा ऐकला. काही गाणी आजही मला रुचत नाहीत. तथापि आता ते मत माझे आहे, आणि दोन्ही कानांचे आहे.

दिवाळीच्या सुटीत हॅरिसनचे गाणे मी आबांना ऐकवले. ते गावच्या भजनी मंडळात टाळ धरतात. "तुम्हाला यातलं काय कळणार?" हे वाक्य अगदी माझ्या ओठांवर आले होते. मी ते गिळले. आबांनी डोळे मिटून गाणे संपेपर्यंत ऐकले आणि म्हणाले, "तंबोरा आपल्यातलाच हाय. आन् गानारा घाई करत न्हाई, ह्ये ब्येस हाय."

हा अभिप्राय आजवर कोठे छापून आलेला नाही. म्हणून येथे नोंदवून ठेवतो.