एका अंगणाचा हिशेब

सकाळी ६.३०

वाघोलीच्या पुढे एका नव्या बंगल्याच्या आवारात फक्की टाकून जागा आखते आहे. घरी निवृत्त काका-काकू. काकांना फाटकाच्या आत गाडी उभी करायला खडीची जागा हवी आहे. काकूंना कुंपणालगत फुलझाडांचे वाफे आणि फाटकापासून पायरीपर्यंत पायवाट. काका विचारतात, "ताई, दोन डंपर खडी टाकली की झालं ना?" लोकांची अंगणं करून देणं हे माझं काम, आणि हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरी येतो. उत्तर द्यायच्या आधी जमीन बघावी लागते.

पहार मारून पाहिली. वर फूटभर काळी माती, तिच्याखाली मुरूम. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट खडी पसरली तर पावसाळ्यात चाकाखालची खडी चिखलात उतरते आणि चिखल वर येतो. म्हणून गाडीच्या जागेतली काळी माती आधी काढायची. ती ट्रॉली भरून बाहेर टाकायची गरज नाही. काकूंचे वाफे तिनेच भरायचे.

सकाळी ७.३०

काकूंनी चहा दिला. ओट्यावर बसून काकांना हिशेब समजावून सांगते. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. ३ इंच जाडीचा थर असेल तर १ ब्रासमध्ये ४०० चौरस फूट जागा होते, ४ इंचांचा असेल तर ३००, ६ इंचांचा असेल तर २००. एवढं पाठ असलं की कुणालाही आपल्या अंगणाचं गणित घरी बसून करता येतं.

गाडीची जागा २० फूट × १५ फूट, म्हणजे ३०० चौरस फूट. तळाला ६ इंच मुरूम धरला तर १५० घनफूट. मुरूम चोपला की खाली बसतो, म्हणून पाव हिस्सा वाढवायचा. म्हणजे साधारण १९० घनफूट, जवळजवळ २ ब्रास. त्यावर ४० मिलिमीटरची खडी ३ इंच, म्हणजे ७५ घनफूट. सगळ्यात वर १२ मिलिमीटरची २ इंच, ५० घनफूट. पायवाट ३० फूट लांब, ४ फूट रुंद. तिथे १२ मिलिमीटरचीच ३ इंच, म्हणजे आणखी ३० घनफूट. खडी एकूण १५५ घनफूट, दीड ब्रासच्या थोडी वर. काकांनी कागद दोनदा वाचला आणि दोन डंपरांचा विषय तिथेच संपला.

सकाळी ९.००

खाण आणि क्रशर. पुण्याच्या आसपासचा हा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. मुरूम म्हणजे हाच दगड ऊन-पाण्याने कुजून भुसभुशीत झालेला. समोर अर्धी कापलेली टेकडी आहे. ती पुन्हा वाढणार नाही. गरजेपेक्षा जास्त मागवलेली खडी अंगणाच्या कोपऱ्यात पडून राहते आणि तिच्यात गवत उगवतं, तेव्हा पैशांबरोबर ही टेकडीही वाया गेलेली असते. अचूक मागणीचा माझा आग्रह इथून येतो.

ढिगाच्या वरची खडी बघून निवड करू नये. वरची भुकटी पावसाने किंवा वाऱ्याने गेलेली असते. फावड्याने थोडं आत उकरून मूठभर खडी तळहातावर घेते. तुकडे कोनदार आणि साधारण चौकोनी हवेत. असे तुकडे एकमेकांत अडकून बसतात आणि गाडीच्या वजनाने हलत नाहीत. चपटे, पातळ तुकडे जास्त दिसले तर तो ढीग सोडायचा, कारण ते चाकाखाली मोडतात. मग दोन्ही तळहातांत खडी चोळायची. हाताला राखाडी पुडीचा जाड थर लागला तर खडीत भुकटी फार आहे. तीच भुकटी फटींत बसून पाणी मुरू देत नाही.

काकूंना पायवाटेवर पांढरे गोटे हवे होते. गोल गोटे एकमेकांत अडकत नाहीत, पायाखाली सरकतात. उतारवयातल्या माणसांच्या रोजच्या वाटेवर ते टाकायला मी तयार नाही. तुळशी वृंदावनाभोवती ते शोभतील, तिथे पाय पडत नाही. पायवाटेला १२ मिलिमीटरची खडीच बरी. ४० मिलिमीटरच्या खडीवर चालताना पाय मुरगळतो आणि ६ मिलिमीटरची ग्रिट चपलांना चिकटून घरात येते.

सकाळी १०.३०

क्रशरच्या कार्यालयात भाव ठरवायचा. कुणी ब्रासवर सांगतं, कुणी टनावर. खडीचा १ ब्रास साधारण सव्वाचार टनांचा धरला की दोन्ही भाव शेजारी ठेवता येतात. वाळूचं मात्र जपावं लागतं. ओली वाळू वजनावर घेतली तर पाण्याचेही पैसे जातात. ब्रासवर घेतली तरी फसगत होते, कारण दमट वाळू फुगते आणि तेवढ्याच मापात माल कमी येतो. वाळू कोरडी असतानाच घ्यावी.

वाहतुकीचा पास नीट बघून घेते. खडी, मुरूम आणि वाळू ही कायद्याने गौण खनिजं आहेत, त्यांचं स्वामित्वधन सरकारला भरावं लागतं. विनापास आलेला माल स्वस्त पडतो, पण तो कुठल्या ओढ्यातून किंवा कुणाच्या गायरानातून उपसला ते कळायला मार्ग नसतो.

दुपारी १२.००

रोपवाटिकेत पोयटा आणि शेणखत. काळी माती एकटी वाफ्यात घट्ट बसते, तिच्यात पोयटा आणि खत मिसळलं की मुळांना हवा मिळते. शेणखताच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालते. आत गरम लागलं किंवा शेणाचा वास आला तर खत अजून कच्चं आहे. कच्च्या खताबरोबर हुमणी बागेत येते आणि झाडांची मुळं खाते. मुरलेलं खत गार असतं, भुसभुशीत असतं आणि त्याला मातीचा वास येतो.

दुपारी २.००

दुसरं आवार. इथलं खोदकाम आधीच झालं आहे. पाडलेल्या कुंपणाच्या भिंतीचा राडारोडा तळाला बसवून घेतला, तेवढी सोलिंगची खरेदी वाचली. ट्रॅक्टरची ट्रॉली आली. फाळका उघडायच्या आधी टेप लावते: १० फूट लांब, ६ फूट रुंद, माल १ फूट ८ इंच. बरोबर १०० घनफूट. चालकदादा स्वतःच टेपचं दुसरं टोक धरतात. माल रिकामा झाला की माप घेता येत नाही, म्हणून हे आधीच करायचं. ट्रॉली कुठे उभी करायची तेही ठरलेलं असतं. भूमिगत टाकीच्या किंवा सेप्टिक टँकच्या स्लॅबवर नाही, झाडाच्या बुंध्याशी नाही, रस्त्याच्या गटारावर नाही.

दुपारी ३.३०

मुरूम एकदम ६ इंच टाकून चोपला तर वरचाच थर घट्ट होतो आणि खालचा पोकळ राहतो. ३-३ इंचांचे दोन थर, प्रत्येकावर पाणी आणि धुम्मस. उतार घरापासून बाहेरच्या बाजूला, २० फुटांत ४ इंच. कामावरच्या मावशी दोरी लावून उतार बघतात, त्यांची नजर माझ्याहून पक्की आहे. चोपलेल्या मुरमावर जिओटेक्स्टाइल कापड. ते पाणी जाऊ देतं आणि खडीला मुरमात उतरू देत नाही. प्लास्टिकचा कागद स्वस्त मिळतो, पण त्यावर पाणी साचतं. कडेला दगडी पट्टी पुरली, नाहीतर खडी वाफ्यात पसरते. मग खडी ओतून दाताळ्याने सारखी केली.

संध्याकाळी ६.००

घरच्या नळीने पाणी सोडलं. पाणी खडीच्या फटींतून खाली गेलं, वर डबकं राहिलं नाही. हेच अंगण काँक्रीटचं असतं तर पावसाचं सगळं पाणी रस्त्यावर गेलं असतं. उरलेली चार घमेली खडी पोत्यात भरून ठेवली. पावसाळ्यानंतर चाकाच्या जागी खळगा पडलाच तर ती लागेल.

रात्री ८.३०

सकाळच्या काका-काकूंची मागणी लिहून क्रशरला कळवली: मुरूम २ ब्रास, ४० मिलिमीटर पाऊण ब्रास, १२ मिलिमीटर ८० घनफूट.

तुमच्या अंगणासाठी खडी मागवणार असाल तर फोन करायच्या आधी लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही फुटांत लिहा, गुणाकार करा आणि शंभराने भागा. येतील तेवढेच ब्रास मागवा, मुरूम असेल तर पाव हिस्सा वाढवा. माल आला की रिकामा होण्याआधी मोजा आणि पास बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.