मांडव्याचा अविनाश साबळे डायमंड लीगमध्ये पोहोचतो कसा?

परदेशातली लीग म्हटली की आपल्याला लिलाव, संघ आणि करार आठवतात. जपानचा बेसबॉलपटू शोहेई ओहतानी अमेरिकेत खेळतो तो डॉजर्स संघाशी केलेल्या 10 वर्षांच्या, 70 कोटी डॉलरच्या करारावर. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळेही परदेशातल्या व्यावसायिक लीगमध्ये उतरतो, पण त्याला ना संघ आहे ना हंगामाचा पगार. अ‍ॅथलेटिक्सच्या या डायमंड लीगचं गणितच वेगळं आहे.

2010 मध्ये सुरू झालेली ही लीग म्हणजे वर्षभरात वेगवेगळ्या देशांत होणाऱ्या एकदिवसीय स्पर्धांची मालिका. राबात, स्टॉकहोम, पॅरिस, मोनॅको ही तिची काही मुक्कामाची ठिकाणं. प्रत्येक प्रकार प्रत्येक ठिकाणी नसतो. अविनाशची 3000 मीटर स्टीपलचेस ही अडथळ्यांची शर्यत हंगामात मोजक्याच ठिकाणी होते, त्यामुळे जागा थोड्या आणि दावेदार फार.

पहिली पायरी आमंत्रणाची. इथे देशाचा संघ निवडला जात नाही. आयोजक धावपटूची वेळ आणि जागतिक क्रमवारी पाहतात आणि त्याच्या एजंटशी बोलतात. म्हणजे आधी घड्याळ पटवावं लागतं. अविनाश बारावीनंतर लष्करात, महार रेजिमेंटमध्ये गेला. सियाचीनमध्ये तैनात होता. 2015 नंतर लष्कराच्या क्रॉसकंट्री शर्यतींतून पुढे आला आणि स्टीपलचेसकडे वळला. 2018 मध्ये भुवनेश्वरला 8 मिनिटे 29.80 सेकंदांत धावून त्याने गोपाल सैनी यांचा 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. पण तेवढी वेळ डायमंड लीगसाठी पुरेशी नव्हती. 2022 मध्ये राबातला तो 8:12.48 मध्ये पाचवा आला, तेव्हा कुठे या वर्तुळात त्याचं नाव झालं.

दुसरी पायरी शर्यतीची. साडेसात फेऱ्या, 28 अडथळे आणि 7 वेळा पाण्याची उडी. पुरुषांचा अडथळा 91.4 सेंटिमीटर उंच असतो आणि तो हर्डलसारखा पडत नाही. पाय अडकला तर माणूसच पडतो. पाण्याचा खड्डा अडथळ्याला लागून सर्वांत खोल असतो आणि पुढे उथळ होत जातो. म्हणून जाणता धावपटू अडथळ्यावर पाय रोवून लांब झेप घेतो. उडी आखूड पडली की पाय खोल पाण्यात जातो आणि लय तुटते. सुरुवातीचे टप्पे बऱ्याचदा पेसर ओढतो. ठरलेला वेग राखून देणं आणि मग बाजूला होणं एवढंच त्याचं काम.

तिसरी पायरी गुणांची. पहिल्याला 8 गुण, दुसऱ्याला 7, असं करत आठव्याला 1. नवव्याला काही नाही. हंगामाच्या शेवटी स्टीपलचेसच्या अंतिम स्पर्धेत जागा फक्त 10. जुलै 2024 मध्ये पॅरिसला अविनाश 8:09.91 अशा नव्या राष्ट्रीय विक्रमासह सहावा आला आणि त्याला 3 गुण मिळाले. तेवढ्यावर तो यादीत चौदावा राहिला. पण इथिओपियाचा लामेचा गिरमा, जपानचा रयुजी मिउरा यांच्यासह वरच्या चौघांनी माघार घेतली आणि दहावी जागा त्याच्याकडे आली. ब्रसेल्सच्या त्या अंतिम स्पर्धेत तो 8:17.09 वेळेसह नववा आला.

पैशांचं काय? तेव्हा नेहमीच्या फेरीत विजेत्याला 10 हजार डॉलर आणि अंतिम स्पर्धेत 30 हजार डॉलर मिळत. खालच्या क्रमांकांना रक्कम झपाट्याने कमी होत जाते. एवढ्यावर वर्षभराचा सराव भागत नाही. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्सला, 1800 मीटरहून अधिक उंचीवर, प्रशिक्षक स्कॉट सिमन्स यांच्याकडे राहून केलेल्या सरावामागे ऑलिंपिकची तयारी करणाऱ्या खेळाडूंसाठीच्या केंद्र सरकारच्या टॉप्स योजनेचं पाठबळ होतं.

दुखापत झाली तर सारं थांबतं. जुलै 2025 मध्ये मोनॅकोला पाण्याच्या उडीपाशी अविनाशच्या गुडघ्याला मार बसला, गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटला आणि हंगाम तिथेच संपला.

मग सहाव्या क्रमांकासाठी एवढा आटापिटा का? पॅरिसच्या त्या शर्यतीत पहिले दोघे 8:02.36 या एकाच वेळेत आले. अविनाश त्यांच्या साडेसात सेकंद मागे होता, तरी स्वतःच्या जुन्या विक्रमापेक्षा सव्वा सेकंदाहून अधिक वेगवान. देशात तो बहुतेक वेळा एकटाच पुढे असतो. डायमंड लीगमध्ये पुढे कोणीतरी पळत असतं आणि त्याला गाठायची सवय लागते. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या किबिवोटपेक्षा अवघ्या 0.05 सेकंदाने मागे राहून मिळवलेलं रौप्य, 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण आणि पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी ही या सवयीची कमाई आहे. तेव्हा ‘साबळे सहावा’ अशी बातमी दिसली, तर क्रमांकाआधी वेळ वाचा.