वळगणीच्या माशाचं नाव काय हो?

पहिला जोराचा पाऊस झाला की बदलापूरच्या बाजारात वळगणीचे मासे येतात. मासेवाली मावशी नाव सांगते, आपण घासाघीस करतो आणि नाव विसरतो! पण मैत्रिणींनो, असल्याच नावांचा मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी आधार घेतला आहे.

कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने घाटावरच्या नद्यांतल्या माशांची वर्णनं १८३९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केली. बरीचशी नावं मात्र इथल्याच लोकांच्या तोंडची ठेवली. म्हणून शिंगाळा आजही शास्त्रात ‘स्पेराटा सीनघाला’ आहे. त्यापुढे साइक्सचं नाव लागतं. ज्यांचा शब्द, त्यांचं नाही!

उल्हास नदी उगम पावते त्या खंडाळ्याच्या बाजूला डॉ. अ‍ॅनन्डेल यांनी १९१९ साली ओढ्यातल्या एका बोटभर माशाची नोंद केली. सुंदरलाल होरा यांनी १९२१ साली त्याच्यासाठी वेगळा गटच मांडला.

आणि हे ठरवतात कसं? मासा साफ करताना आपण जे खरवडून टाकतो, तेच ही मंडळी मोजत बसतात. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एका ओळीत खवले किती, परात काटे किती, मिशा किती.

वळगणीचा मासा अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध शेतात चढतो आणि गाभोळीसकट तिथेच पकडला जातो. इकडे अंबरनाथ-उल्हासनगरच्या वालधुनीत कारखान्यांचं सांडपाणी. मासा गेला की त्याचं नाव तरी कोण घेणार?

तेव्हा यंदा मावशीला नाव विचाराच. हिशेबाच्या वहीत लिहा: नाव, तारीख, नदीतला की शेतातला, मिशा होत्या का, पोटात गाभोळी होती का.