दोन धनुष्यांतून एकाची निवड

धनुष्य म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे सीतास्वयंवर उभे राहते. जड धनुष्य, ते लीलया उचलणारा वीर आणि थक्क झालेली सभा! या चित्राने एक समजूत मात्र मनात घट्ट रुजवून ठेवली आहे : जे धनुष्य जोराचे तेच श्रेष्ठ. कंपाउंड धनुष्य विकत घ्यायला निघालेल्या कुटुंबाला ही समजूत फार महागात पडू शकते.

२०२३ साली बर्लिन येथे साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे कंपाउंड प्रकारात वैयक्तिक जगज्जेते झाले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये या प्रकारातील मिश्र सांघिक स्पर्धा घेण्याचे २०२५ मध्ये ठरले. तेव्हा आजवर प्रशिक्षकाच्या धनुष्यावर सराव करणारी एखादी मुलगी स्वतःच्या धनुष्याचा हट्ट धरू लागली, तर त्यात नवल नाही. समजा, तिची उंची पाच फूट चार इंच आहे आणि तिच्यापुढे सारख्याच किमतीची दोन धनुष्ये ठेवली आहेत. एक आखूड, दोन चाकांच्या आसांमधील अंतर ३१ इंच. त्याच्या माहितीपत्रकात बाणाचा वेग सेकंदाला ३४० फूट छापलेला. दुसरे ३८ इंचांचे, वेग ३१५ फूट. चांगल्या धनुष्याचा खर्च साहित्यासह लाखाच्या घरात जातो. म्हणजे चुकीची निवड पुढच्या वर्षी सुधारून घेण्याची सोय बहुतेक घरांत नसते.

निवडीचा विचार करण्यापूर्वी या यंत्राचे मर्म समजून घेतले पाहिजे. अमेरिकेतील मिसूरी राज्याच्या होलिस विल्बर ॲलन यांनी १९६६ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते १९६९ मध्ये मिळाले. साधे धनुष्य जसजसे ओढावे तसतसे जड होत जाते आणि नेम धरण्याच्या क्षणीच त्याचा भार सर्वाधिक असतो. ॲलन यांनी धनुष्याच्या टोकांना चाके बसवली. परंतु विहिरीवरच्या रहाटाप्रमाणे आस मध्यभागी न ठेवता तो एका बाजूला सरकवला. त्यामुळे ओढ मध्यावर सर्वांत जड लागते आणि शेवटी एकदम हलकी होते. ५० पौंडांच्या धनुष्यात ही सूट ८० टक्के असेल, तर पूर्ण ओढल्यावर हातावर केवळ १० पौंड उरतात. सगळी शक्ती धनुष्यात साठलेली आणि धनुर्धर मात्र शांतपणे नेम धरतो आहे, हे या यंत्राचे वैशिष्ट्य होय.

आता वेगाविषयी. माहितीपत्रकातील आकडा सामान्यतः ७० पौंड ओढ, ३० इंच खेच आणि ३५० ग्रेनचा हलका बाण धरून काढलेला असतो. उदाहरणातील मुलगी ४५ पौंडांच्या आसपास, तेही २५-२६ इंचांपर्यंतच ओढणार. खेच एक इंचाने घटली की सेकंदाला सुमारे दहा फूट वेग कमी होतो, ओढीचे वजन घटल्याने आणखी कमी होतो. म्हणजे छापलेला आकडा खोटा नसतो; तो तिचा नसतो, इतकेच.

शिवाय वेग हवा असतो कोणाला? प्रामुख्याने शिकाऱ्याला. हरिण किती अंतरावर उभे आहे याचा त्याला अंदाजच करावा लागतो. बाण वेगवान असेल तर तो सरळ रेषेच्या अधिक जवळून जातो आणि अंदाजातली चूक झाकली जाते. झाडीत वावरण्यासाठी त्याला आखूड धनुष्य सोयीचे पडते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा प्रश्नच उरलेला नाही. मैदानी स्पर्धेत लक्ष्य नेमके ५० मीटरवर असते, ते कोणी हलवत नाही आणि दर्शक त्या अंतराला लावून ठेवता येतो. वेगवान बाण वाऱ्याने थोडा कमी ढळतो हे खरे. परंतु त्यासाठी मोजावी लागणारी किंमत बरीच असते.

ती किंमत अशी. वेग वाढवण्यासाठी मूठ आणि दोरी यांमधील अंतर बहुधा कमी केलेले असते. ते सहा इंच असेल, तर दोरी सात इंचांच्या धनुष्यापेक्षा अधिक काळ बाणाला ढकलत राहते. तेवढ्या अवधीत मनगट किंचित वळले तरी बाण ती चूक बरोबर घेऊन जातो. आखूड धनुष्य हातात चटकन फिरतेही. लांब धनुष्य मुळातच स्थिर. बर्लिनच्या अंतिम लढतीत ओजसने पंधरा बाणांत १५० पैकी १५० गुण मिळवले आणि प्रतिस्पर्ध्याला १४९ मिळाले. दहा गुणांचे वर्तुळ आठ सेंटिमीटर व्यासाचे. पन्नास मीटरवरून पंधराही बाण त्यात. अशा लढतीत एकच बाण रेषेबाहेर गेला की निकाल फिरतो.

तथापि लांब ते सारे उत्तम, असेही नव्हे. ४० इंचांचे धनुष्य, त्यावर तोल सांभाळणारे दांडे, असे ओझे किरकोळ बांध्याच्या मुलीच्या डाव्या खांद्याला दिवसभर पेलणारे नसते. अशा वेळी ३५-३६ इंचांचे मधले धनुष्य शहाणपणाचे ठरते.

या सर्वांपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे खेच, अर्थात ओढीची लांबी. कंपाउंड धनुष्य ठरावीक जागी येऊन अडते. ते हाताप्रमाणे बदलत नाही, हातालाच त्याच्याप्रमाणे व्हावे लागते. दोन्ही हात पसरून मधल्या बोटांच्या टोकांमधील अंतर मोजावे आणि त्याला अडीचने भागावे. ६४ इंचांचे सुमारे साडेपंचवीस येतात. हा केवळ आरंभ; अखेरचा निर्णय प्रशिक्षकाने उभी राहण्याची ढब पाहून द्यावा. पुष्कळ धनुष्यांची खेच २६ किंवा २७ इंचांपासूनच सुरू होते. अर्धा-एक इंच जास्त झाला तर मान मागे कलते, खांदा वर चढतो, दोरी कोपराजवळ फटकारते, आणि काही महिन्यांत खांद्याचे दुखणे जडू शकते. वाढत्या वयाच्या मुलीसाठी चाकावरील तुकडा सरकवून खेच बदलता येते की नवे चाक विकत घ्यावे लागते, हेही आधीच विचारावे. वजनाचे मात्र सोपे असते : स्क्रू सैल करून ५० पौंडांचे धनुष्य बहुधा ४० पर्यंत उतरवता येते. स्पर्धेत ६० पौंडांहून अधिक चालत नाही.

आणखी एक व्यवहाराची बाब. या धनुष्याच्या फळ्या विश्रांतीतही ताणलेल्याच असतात. दोरी बदलायची तर खास दाबयंत्र लागते. ते घरी नसते आणि गावात असेलच असे नाही. जवळच्या केंद्रात ज्या बनावटीचे सुटे भाग व जाणकार माणूस मिळतो, ती बनावट अर्धी लढाई जिंकते. बाणावाचून दोरी कधीही सोडू नये. त्या एका सुटण्याने फळी चिरू शकते, आणि दुकानातून घरी आल्यावर भावंडांकडून नेमके हेच घडते.

शेवटी दोन्ही धनुष्ये हातात घेऊन पाहावीत. बाण लावून, लक्ष्याकडे तोंड करून मुलीने खुर्चीवर बसून ओढावे. धनुष्य आभाळाकडे न नेता सरळ ओढता आले, तर वजन पेलते. मग बाण न सोडता दोरी सावकाश परत आणावी. वेगासाठी घडवलेली चाके येथे खांद्याला जोराचा हिसका देतात, सौम्य चाके हळूच नेतात. ही परीक्षा तीनदा करावी, कारण पहिल्या वेळी हौस ओढत असते. दुकानदार हे करू देत नसेल, तर त्या दिवशी पैसे खिशात ठेवूनच घरी परतावे.