तेच घर, तीच सासू!

दसऱ्याच्या सुट्टीत लेक पुण्याहून घरी आला होता. रात्री साडेदहाला त्याच्या खोलीतून आवाज आला, ‘‘थांबा, मी दार उघडत नाही. आधी कान लावून ऐकतो, आत कोण आहे ते.’’ मी दचकलेच! हातातलं विरजण तसंच ठेवलं आणि धावत गेले. बघते तर काय, स्वारी पलंगावर मांडी घालून बसलेली, समोर लॅपटॉपवर चार मित्रांचे चेहरे आणि हातात एक विचित्र फासा. वीस बाजूंचा!

‘‘आई, आम्ही खेळतोय. बस ना.’’

मग बसले. खेळाचं नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो काढला. यात सोंगट्या-पट नसला तरी चालतं. एकजण सूत्रधार. तो सांगतो, तुम्ही अमुक गावात आहात, समोर जुना वाडा आहे, आत उजेड दिसतोय. बाकीचे कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी मांत्रिक. आपलं पात्र काय करणार ते ज्यानं त्यानं बोलून सांगायचं आणि जमलं की फसलं ते फाशावर ठरवायचं. थोडक्यात काय, मोठ्या मुलांची भातुकलीच!

त्यांचा खेळ ज्या काल्पनिक मुलखात चालतो, त्याचं नाव ‘फरगॉटन रेल्म्स’. एड ग्रीनवूड नावाच्या कॅनडातल्या माणसानं तो लहानपणापासून मनात रचला आणि १९८७ साली तो या खेळासाठी छापून आला. लेकाची टोळी चार वर्षं त्याच मुलखात फिरतेय. मी विचारलं, ‘‘कंटाळा नाही का रे येत? तेच गाव, तेच रस्ते?’’

तो म्हणाला, ‘‘अगं, दोनदा नवं जग घेऊन बघितलं. राजा कोण, देव कोणते, कुणाचं कुणाशी वैर, हे समजावण्यातच रात्री गेल्या. इथं नुसतं ‘वॉटरडीप’ म्हटलं की सगळ्यांना ते बंदर डोळ्यांसमोर दिसतं. लगेच खेळायला लागता येतं. आणि आमच्यातला एकजण एरवी तोंड उघडत नाही, तो इथं सरदाराशी भांडतो!’’

मी उठले, दुधाला विरजण लावलं, पण डोक्यात चक्र सुरू झालं. कारण नुकताच आमचा हादगा संपला होता.

आमचं कर्जत म्हणजे गोदड महाराजांचं, अहिल्यानगर जिल्ह्यातलं. (मुंबईजवळचं नव्हे हो! पाहुण्यांना हे दरवेळी सांगावं लागतं.) हा अवर्षणाचा मुलूख. इथं सगळ्यांचे डोळे परतीच्या पावसाकडे, कारण त्यावर रब्बीची ज्वारी. सप्टेंबरच्या शेवटी सूर्य हस्त नक्षत्रात गेला, हत्तीचा पाऊस आला, की हादगा. पाटावर हत्ती काढायचा, तो मधे मांडायचा आणि भोवती फेर धरायचा. कुणी भोंडला म्हणतं, विदर्भ-खानदेशात भुलाबाई. आमच्या गल्लीत पंधरा-वीस जणी जमतात. शाळकरी मुलींपासून सत्तरीच्या काकूंपर्यंत.

आणि मैत्रिणींनो, गाणी कुठली? तीच! तेच घर, तीच खाष्ट सासू, तीच नणंद, तेच लांबचं माहेर. ‘कारल्याचा वेल’ कोणाला माहीत नाही? सून विचारते, माहेरी जाऊ का? सासू म्हणते, आधी कारल्याचं बी पेर. बी पेरलं तर कोंब येऊ दे, मग वेल चढू दे, मग फूल, मग कारलं, मग भाजी. बिचारीचं माहेर पुढंपुढंच सरकतं!

हे घर प्रत्यक्षात कुठंच नाही. पण त्याचा उंबरा, जातं, परसदार प्रत्येकीला पाठ. नवी सून परगावाहून येते, तिला आमच्या गल्लीतलं कुणी ओळखीचं नसतं. पण हादग्यातली सासू ती लहानपणापासून ओळखते! पहिल्याच दिवशी फेरात मिसळते. लेक म्हणाला ते हेच की!

हा मुळात लहान मुलींचा खेळ. १९२९ सालच्या शारदा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय किमान १४ केलं, म्हणजे त्याआधी काय असेल ते बघा. आठ-दहा वर्षांच्या पोरी फेर धरून सासरच्या गोष्टी गायच्या आणि लौकरच त्यांना खरोखर तिथं जायचं असायचं. गाण्यात सासूला नावं ठेवता यायची, नवऱ्याला वेडा ठरवता यायचं. खऱ्या घरात तोंडातून ब्र काढता आला नसता.

पण मधे आमच्यात या गाण्यांवरून वाद झाला. आमच्यातल्या एक वहिनी शिक्षिका आहेत. त्या म्हणाल्या, ‘‘मुलींना हे काय शिकवतोय आपण? सुनेनं माहेरी जायला गयावया करायची, मार खायचा? बंद करा ही गाणी.’’ त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून एक वर्ष आम्ही नवी गाणी रचली. त्यात सासू सुनेला स्कूटी शिकवते, सासरा चहा करतो, नवरा भांडी घासतो. वाचायला छान वाटली. फेरात मात्र दोन कडव्यांत सगळं गोडगोड संपलं. मागायला काही नाही, भांडायला कुणी नाही. बायका टाळ्या वाजवून खिरापतीच्या डब्याकडे बघायला लागल्या!

मग वहिनींनीच तोडगा काढला. घर तेच ठेवायचं, सासूही तीच. पण सुनेनं काय उत्तर द्यायचं, ते जिची पाळी तिनं ठरवायचं. एक काकू सासू होणार, फेरातली एकेक जण सून. त्या वर्षी काय धमाल आली म्हणून सांगू! एकजण म्हणाली, ‘‘कारलं बाजारातून आणलंय, भाजी झाकून ठेवलीय, चालले मी!’’ सातवीतली पोर म्हणाली, ‘‘आधी तुम्ही बी पेरा, मी बघते.’’ हसून हसून पुरेवाट. जुनं घर होतं म्हणूनच ही उत्तरं सुचली. भिंत असेल तर धडक देणार ना?

आमच्या तालुक्यात दुरगावला दुर्योधनाचं देऊळ आहे. महाभारत सगळ्यांना तोंडपाठ आहे, म्हणूनच एखादं गाव त्यात दुसऱ्या बाजूला उभं राहू शकतं. ओळखीच्या गोष्टीत प्रत्येकाला आपली जागा शोधता येते. अनोळखी गोष्टीत नुसतं ऐकत बसावं लागतं.

यंदा मात्र एक वेगळंच झालं. गल्लीतली एक लेक दोन वर्षांपूर्वी सासर सोडून माहेरी आली, ती कायमचीच. हादग्याला यायची, पण कडेला भिंतीला टेकून उभी. यंदा एका पोरीनं हात धरून तिला फेरात ओढलं. नेमकी ‘कारल्याचा वेल’ची वेळ. पाळी तिच्यावर आली. काकू सासूच्या ठसक्यात म्हणाल्या, ‘‘कारल्याची भाजी कर गं सूनबाई, मग जा माहेरी.’’

ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, ‘‘भाजी केली सासूबाई. खूप वर्षं केली. आता मी जातेय, ती परत येणार नाही.’’

फेर थांबला. कुणाला काय बोलावं सुचेना. दोन वर्षांत आम्ही कुणी तिला काही विचारलं नव्हतं. तिनं सांगितलंही नव्हतं. काकूंनी मात्र सासूपण सोडलं नाही. त्याच ठसक्यात म्हणाल्या, ‘‘जा गं बाई. आणि जाताना वेलाचं बी घेऊन जा. तुझ्या दारी लाव.’’ ती हसली, डोळे पुसले आणि फेर पुन्हा सुरू झाला.

आमच्याकडे खिरापतीची पाळी घरावर असते आणि यादीत घराच्या सुनांची नावं. माहेरी राहणाऱ्या लेकीचं नाव त्यात कसं येणार? दुसऱ्या दिवशी काकू तिच्या दारात गेल्या. म्हणाल्या, ‘‘परवाची खिरापत तुझी. ओळखता येणार नाही असं काहीतरी कर.’’ आणि खरंच, तिचा डबा कुणालाच ओळखता आला नाही!

लेकाला हे सगळं सांगितलं. तो फासा हातात फिरवत म्हणाला, ‘‘आई, तुझ्या काकू एक नंबर सूत्रधार आहेत.’’

पुढच्या हस्तात यादीत तिचं नाव आधीच लिहायचं ठरलंय. गाणी मात्र तीच राहणार!