खेळी तुमची, वेळही तुमची

जुलैत शारजाच्या शाळांना सुटी लागली आणि आमची बहीण मुलांना घेऊन कोकणात आली. चौदा वर्षांच्या भाच्याच्या हातात गेमचे यंत्र पाहून आमच्या कपाळाला आठी पडली. मगरिबची अजान झाली तेव्हा आम्ही हाक मारली, "बेटा, ठेव आता ते." "दोन मिनिटं, मामू" हे उत्तर आम्ही गृहीतच धरले होते. पण त्याने यंत्र तसेच खाली ठेवले आणि वजू करायला गेला.

नंतर आम्ही विचारले, "मध्येच सोडलंस, हरला असशील ना?"

तो हसला. "नाही मामू. आता माझी पाळी आहे. मी खेळत नाही तोवर समोरचा हलत नाही."

गेम म्हणजे बोटांची घाई आणि गोळीबार, एवढेच आम्ही समजत होतो. म्हणून त्या रात्री त्याच्या शेजारी बसलो.

खेळाचे नाव 'ॲडव्हान्स वॉर्स'. जपानच्या इंटेलिजंट सिस्टिम्स कंपनीने तो २००१ मध्ये निन्टेन्डोच्या 'गेम बॉय ॲडव्हान्स'साठी बनवला. ते यंत्र हातात मावणारे, दोन पेन्सिल सेलवर चालणारे. भाचा खेळत होता ती 'स्विच'वरची नवी आवृत्ती. पडद्यावर बुद्धिबळासारखा चौकोनांचा नकाशा. आधी आपण आपले सगळे मोहरे हलवायचे, मग समोरच्याने. पायदळ शहर ताब्यात घेते. प्रत्येक शहरातून दर पाळीला हजाराची रक्कम जमा होते. त्यात पायदळाची एक तुकडी येते. सात हजार साठवले तर रणगाडा. हल्ल्याआधी समोरच्याचे साधारण किती टक्के नुकसान होईल, तेही दिसते. म्हणजे आधी हिशेब, मग बटण.

असा खेळ हातातल्या यंत्राला शोभतो. बसचा थांबा आला, अम्मीने हाक मारली, तर यंत्र बाजूला ठेवावे. तासाभराने डाव तिथेच असतो.

त्याच कंपनीची 'फायर एम्ब्लेम' ही मालिका १९९० पासूनची. तिच्यातल्या प्रत्येक योद्ध्याला नाव आहे, चेहरा आहे, आणि मूळ नियमाप्रमाणे मेलेला परत येत नाही. एकाला वाचवण्यासाठी खेळणारे अख्खी लढाई पुन्हा सुरू करतात.

चित्रातली असली तरी ही लढाईच, हे आम्हाला खटकले. युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा निन्टेन्डोनेही 'ॲडव्हान्स वॉर्स'ची नवी आवृत्ती पुढे ढकलली. ती २०२३ मध्ये आली. दुसरा धोका घरातला. "फक्त एक पाळी अजून" म्हणता म्हणता रात्रीचे बारा वाजतात. म्हणून इशानंतर यंत्र कपाटात, असे बहिणीने ठरवून टाकले.

पण आमच्या मनात राहिली ती वेगळीच गोष्ट. वर्गात आम्ही प्रश्न विचारतो आणि दोन-तीन क्षणांत उत्तर आले नाही की "बस खाली" म्हणून पुढच्याला उठवतो. गेल्या वर्षीची एक मुलगी आठवते. वहीत तिची उत्तरे अचूक असत, पण तोंडी सांगायला उभी राहिली की आमची घाई आड येई. वर्षभरात तिचा आवाज आम्ही क्वचितच ऐकला.

मुलांना सब्र शिकवणारे आम्ही, आणि वाट पाहत होते ते यंत्र. आता प्रश्न विचारला की मनातल्या मनात दहा आकडे मोजतो. मागच्या बाकांवरून उत्तरे येऊ लागली आहेत.