हळकुंड गावात, कमाई बाहेर

१ मे १९९९ रोजी हिंगोली परभणीतून वेगळा जिल्हा झाला, पण कारखानदारी काही फारशी वाढली नाही. हुकमी एक्का शेतातच आहे: हळद. काढणीनंतर ती शिजवायची, उन्हात वाळवायची, ढोलात फिरवून पॉलिश करायची. एवढी मजुरी गावात राहते. दळण, पॅकिंग, कुरकुमिन काढणे ही खरी कमाईची कामे. पोती बाहेर गेली की तो रोजगारही जातो. ही कामे इथेच व्हावीत म्हणून जिल्ह्यातल्या वसमतचे हळद संशोधन केंद्र आणि २०२४ मध्ये वसमत हळदीला मिळालेले भौगोलिक मानांकन मोलाचे. जिल्ह्यातल्याच औंढ्याजवळच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला २०२३ मध्ये २,६०० कोटी मंजूर झाले; चर्चा त्याचीच जास्त. पण वेधशाळेला माणसे लागतात मोजकी. पोरांच्या हाताला काम हळदीचे प्रक्रिया उद्योगच देतील.